शनिवारच्या विस्तवाचं पाणी

गुड फ्रायडेची दुपार. चर्चच्या घंटा रिवाजाप्रमाणे गुरुवारपासूनच मुक्या होत्या, त्यामुळे थेक्लाने स्वयंपाकघरातल्या घड्याळावर नजर ठेवली होती. काटा तीनवर आला तशी ती कठड्याला धरून तळघरात उतरली, बॉयलरसमोर उभी राहिली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि लाल खटका खाली ओढला. आतला पंखा थोडा वेळ घुमला, मग धीमा होत होत थांबला. घर एकदम गप्प झालं.

"आई!" जिन्याच्या तोंडाशी रूपर्ट उभा होता. तो बायको मार्लेनला आणि बाळाला घेऊन कालच ग्राट्स शहरातून आला होता. "बॉयलर बंद पडला का?"

"पडला नाही. मी बंद केला."

"घरात तीन महिन्यांचं बाळ आहे, आई."

"मला सांगतोस? आजी आहे मी तिची."

"बाहेर अजून बर्फ आहे!"

"टाकीत आठशे लिटर गरम पाणी आहे. उद्या सकाळपर्यंत सगळ्या खोल्या कोमट राहतात. तुझे वडील दर गुड फ्रायडेला बंद करायचे. तू कधी गारठल्याचं आठवतंय का तुला?"

"नाही."

"गारठला असतास तर आठवलं असतं."

रूपर्टने जाकिटाची चेन वर ओढली. वडिलांचं नाव निघालं की तो गप्प बसे. बर्टल जाऊन पाच महिनेच झाले होते. नोव्हेंबरातल्या एका सकाळी सफरचंदाच्या झाडांखाली पानं गोळा करता करता तो खाली बसला तो बसलाच.

त्याच्यामागे हा पहिला ईस्टर. थेक्लाच्या मनात एकच गोष्ट पक्की होती. शुक्रवारी तीनला घरातली आग विझवायची. पवित्र शनिवारी सकाळी चर्चसमोर फादर नवी आग आशीर्वादित करतात, मुलं तो विस्तव डब्यांत घालून घरोघर पोचवतात, आणि ज्याच्या त्याच्या चुलीत त्या दिवशी तोच विस्तव पेटतो. थेक्लाच्या घरात चूल नव्हती. घरातली एकुलती एक आग तळघरातल्या बॉयलरमधली. बर्टल गेली चोवीस वर्षं तो बॉयलर शनिवारच्या विस्तवाने पेटवत आला होता. त्या आगीने तापलेलं पाणी नळाला आलं की थेक्ला त्यात ईस्टरचं मांस शिजत घाली, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला त्या पाण्याने आंघोळ घाली. रूपर्टला तिने घरात चूल होती तेव्हा तशी घातली होती, पुढे नणंदेच्या नातवंडांना घातली होती. आता नात आली होती, वेरेना. उद्या तिची आंघोळ. पण विस्तवाने बॉयलर पेटवायचा कसा ते बर्टल कुणाला न शिकवताच गेला होता.

"जमेल मला," थेक्ला स्वतःशीच म्हणाली आणि वर आली.

आग सांभाळण्यात थेक्लाचा अर्धा जन्म गेला होता. डोंगरावरच्या घरात नऊ भावंडांतली ती सातवी. सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या वाट्याला चूल आली. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, राखेत पुरलेले निखारे उकरायचे, फुंकर घालायची. आई दुधाच्या बरण्या झऱ्याच्या पाण्याने धुवायची. हिवाळाभर तिच्या हातांना भेगा पडलेल्या असत आणि रात्री ती त्यांत डुकराची चरबी चोळत बसे. आईची आठवण आली की थेक्लाला आधी ते हात आठवत, मग चेहरा.

लग्न होऊन ती खोऱ्यात आली. बर्टल लाकडाच्या गिरणीत कामाला होता. इथे तळघरात मोठा बॉयलर होता, पण तो ओंडके खाणारा. बीच झाडाचे हातभर ओंडके दिवसातून पाच वेळा त्याच्या तोंडात सारायचे. बर्टलची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, म्हणजे सारायचे थेक्लानेच. एक वेळ चुकली की घर थंड, दोन वेळा चुकली तर नळ्या गोठायची भीती. धाकट्या बहिणीचं लग्न जानेवारीत झालं, दोन खोरी ओलांडून पलीकडे. थेक्ला सकाळी गेली, सूप पिऊन दुपारी परत निघाली.

"अगं, नाच तरी बघून जा," बहीण म्हणाली.

"माझा बॉयलर वाट बघतोय."

"नवरा म्हणायचंय का तुला?"

"नवरा उपाशी राहील गं एक वेळ."

मग एका शरद ऋतूत बर्टलच्या गिरणीत नवीन यंत्र आलं. तोवर करवतीचा भुसा ओढ्याकाठी ढिगाने पडून कुजत असे. यंत्र तो भुसा वाळवून, दाबून त्याच्या कांड्या पाडू लागलं. पहिल्याच संध्याकाळी बर्टलने कोटाच्या खिशातून मूठभर कांड्या काढून टेबलावर ठेवल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, बोटाच्या पेराएवढ्या लांब, भुऱ्या, गुळगुळीत. तो हातपाय धुवायला गेला, तेवढ्यात थेक्लाने त्या उचलून अंगणात कोंबड्यांना टाकल्या.

"टेबलावर ठेवलेलं कुठे गेलं?"

"नवीन खाद्य होतं ना? टाकलं. पण खात नाहीत मेल्या, नुसत्या चोची मारतात."

बर्टल हसत हसत बाकावर बसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "अगं, ते पेलेट होते! घर तापवायचं जळण!"

"मग आधी सांगायचं नाही का? तापतील आता कोंबड्या."

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात झाली. चढावरच्या घरातली सेन्सी तर महिनाभर कुंपणापाशी थांबून विचारायची, "थेक्ला, तुझ्या कोंबड्या अंडी उकडलेलीच देतात का गं हल्ली?"

पुढच्या वर्षी बर्टलने ओंडक्यांचा बॉयलर काढून पेलेटचा बसवला. गावातला तो पहिला. बसवायला आला ह्युबर्ट, बर्टलचा धर्मपुत्र, बाप्तिस्म्याला बर्टलनेच हातात धरलेला. त्या वेळी तो नुकता काम शिकून आला होता आणि त्यानेही असा बॉयलर याआधी एकच बसवला होता. बटाट्याच्या कोठीला आतून फळ्या मारून पेलेटची कोठी केली. टँकर आला तेव्हा निम्मं गाव कुंपणाशी जमलं. मांडीएवढी जाड नळी भिंतीतल्या भोकाला जोडली आणि तासभर कांड्या गारांसारख्या आत कोसळत राहिल्या. घरभर ओल्या जंगलासारखा वास सुटला. थेक्लाला तो वास इतका आवडला की तिने दोन दिवस खिडक्या उघडल्या नाहीत.

नळ्यांसाठी स्वयंपाकघराची भिंत फोडावी लागली, तेव्हा मध्ये येणारी जुनी लोखंडी चूलही निघाली. तिच्या जागी विजेची शेगडी आली. नव्या गोष्टीच्या आनंदात कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

पहिल्या सकाळी थेक्ला सवयीने पाचला उठली. काही करायचंच नव्हतं. तळघरातला मळसूत्री दांडा घर्रर्र करून कांड्या पुढे सारत होता, त्या ताटलीत सळसळत पडत होत्या, आग आपली आपण जळत होती. तिने दुधाची बरणी नळाखाली धरली. पाणी आलं ते कढत. ती तशीच उभी राहिली. बरणी भरून वाहू लागली तरी नळ बंद करायचं तिला सुचेना. आईचे हात डोळ्यांसमोर आले आणि सकाळच्या पाच वाजता, एकटी, ती ओक्साबोक्शी रडली.

त्याच हिवाळ्यात ती बायकांबरोबर मारियात्सेलच्या तीर्थाला मरियामातेच्या दर्शनाला गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी, हिवाळ्यात घराबाहेर काढलेली पहिली रात्र. बर्टल रात्रपाळीला होता, रूपर्ट वसतिगृहात. दुसऱ्या संध्याकाळी ती परतली. घरात कुणी नाही, दिवे बंद. दार उघडलं तर आतून ऊब अंगावर आली. रिकामं घर, आणि ऊबदार. दाराशी बूट काढता काढता तिने मातेचे आभार मानले, आणि मग थोडा विचार करून बर्टलचेही.

आणि मग आला नव्या बॉयलरचा पहिला ईस्टर. शनिवारी सकाळी मुलं विस्तव घेऊन आली. थेक्लाने नेहमीसारखं फावडं पुढे केलं, त्यांनी त्यावर धुमसता तुकडा ठेवला, लाल अंडी घेतली, गेली. थेक्ला वळली आणि तिथेच थबकली. फावड्यावर विस्तव आणि ठेवायला घरात जागा नाही. विजेच्या शेगडीवर ठेवायचा? बर्टल कॉफी पीत होता.

"बर्टल," ती म्हणाली, "तू माझ्या घरातून देवाला बाहेर काढलंस."

बर्टलने कप खाली ठेवला. तिच्या हातातलं फावडं घेतलं, तळघरात उतरला, दार लावून घेतलं. थेक्ला जपमाळ घेऊन वरच बसली. अर्ध्या तासाने खालचा पंखा घुमल्याचा आवाज आला. बर्टल वर आला, त्याचे गाल लाल झाले होते. हात धुतले आणि म्हणाला, "कॉफी गार झाली. दुसरी दे."

तिने काही विचारलं नाही. नळाखाली हात धरून उभी राहिली, पाणी तापलं तशी मांसाचं पातेलं भरलं. पुढे दर वर्षी तेच. दार लागायचं, अर्धा तास जायचा, पंखा घुमायचा.

शनिवारी उजाडताच दार वाजलं. बाहेर लेनी उभी होती, शिक्षिकेची बारा वर्षांची मुलगी, तारेला बांधलेला पत्र्याचा डबा गोल फिरवत. डब्यात झाडाच्या खोडावरची वाळलेली, लाकडासारखी टणक अळंबी धुमसत होती.

"विस्तव आणलाय, थेक्ला आजी! ईस्टरच्या शुभेच्छा!"

"देव तुझं भलं करो, बाळा. मोठा तुकडा दे गं."

"बर्टल आजोबांपेक्षा मोठा मागता तुम्ही. ते म्हणायचे, छोटासाच दे, न्यायला बरा."

"न्यायला म्हणजे? तळघर किती लांब आहे?"

लेनीने खांदे उडवले, अंडं खिशात टाकलं आणि पुढच्या घराकडे पळाली.

थेक्ला फावडं धरून तळघरात उतरली. मागून रूपर्ट फोनच्या उजेडात पायऱ्या दाखवत आला. तिने बॉयलरचं दार उघडलं. आतली ताटली तिने काल घासून लख्ख केली होती. तिच्यावर विस्तव अलगद ठेवला, वर चार कांड्या ठेवल्या, तोंडाने 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना सुरू केली, दार लावलं आणि खटका वर केला.

पंखा घुमला. मग आत खट्ट झालं.

"ते काय वाजलं?" थेक्ला म्हणाली.

रूपर्टने काचेतून पाहिलं. "ताटली उलटली, आई. सुरू होताना ती आधी स्वतःला झाडून घेते. जुनी राख खाली पाडते."

"आणि विस्तव?"

"खाली. राखेच्या खणात."

तिने घाईघाईने खण ओढला. राखेत बुडालेला तुकडा चिमट्याने काढला तर त्याचे तीन तुकडे झाले, आणि तिन्ही काळे. तेवढ्यात वर कांड्या सळसळत पडल्या, त्या पेटवणारी विजेची तार तापली आणि काचेमागे पिवळी ज्योत उभी राहिली.

"लागला!" रूपर्ट म्हणाला. "झालं की मग. चल वर, थंडी आहे."

थेक्लाने हात पुढे केला आणि खटका खाली ओढला.

"आई, काय करतेस तू!"

"ही ती आग नाही."

"आगीला काय नाव लिहिलेलं असतं? मार्लेनने बाळाला दोन दुलयांत गुंडाळलंय वर. मेणबत्ती लाव हवी तर त्या विस्तवाने."

"विस्तव विझला. आणि मेणबत्तीवर मांस शिजतं का? मेणबत्तीवर अंघोळीचं पाणी तापतं का? तुझे वडील करायचे ते मला करायचंय, रूपर्ट. एवढंच."

"बाबा कसं करायचे ते तुला माहीत आहे का?"

ते तिला माहीत नव्हतं. म्हणून तिने ह्युबर्टला फोन लावला.

दुपारी फादर ईस्टरच्या मांसाच्या टोपल्या आशीर्वादित करतात, त्यासाठी ह्युबर्ट आधीच नवं जाकीट घालून बसला होता, तसाच आला. आता त्याचेही केस पिकले होते. धर्ममातेला इकडे गोडल म्हणतात, धर्मपित्याला ग्योड. पन्नाशीतला ह्युबर्ट अजून तिला तसंच हाक मारी.

"गोडल, सणाच्या दिवशी काय खोडी काढलीत?"

तिने सगळं सांगितलं. ह्युबर्ट बॉयलरकडे बघत राहिला, मग टोपी काढून हातात घेतली.

"हा हाताने पेटत नाही, गोडल."

"कसा नाही? ग्योड पेटवायचे ना तुझे."

"ताटली उलटल्यावर विस्तव ठेवायचा तर दार उघडावं लागतं. दार उघडं असलं की पंखा थांबतो. पंखा नाही तर नुसता धूर." त्याने हातातली टोपी फिरवली. "पहिल्या वर्षी ईस्टरच्या आधी त्यांनी मला बोलावलं होतं. तुम्ही प्रार्थनेला गेला होतात. दोन संध्याकाळ आम्ही इथे खटपट केली. निखारे घालून पाहिले, चिमट्याने धरून पाहिले. माझ्या भुवया जळल्या, आठवतंय? मी तुम्हाला सांगितलं होतं, वेल्डिंग करताना जळल्या."

"म्हणजे त्याने कधीच..."

"खटकाच दाबला असणार, गोडल. दर वर्षी. आपण दाबतो तसाच."

थेक्ला पेलेटच्या कोठीच्या फळीला टेकली. चोवीस वर्षं. नणंदेच्या नातवंडांच्या अंघोळी, ती सगळी मांसाची पातेली. नळाचं साधं पाणी. आणि हा खाली दार लावून अर्धा तास करत काय होता? पेपर वाचत होता?

"सुरू करू का?" ह्युबर्टने हळूच विचारलं.

"थांब जरा."

ती वर आली. बाळ मार्लेनच्या खांद्यावर रडत होतं. टेबलावर धुरावलेलं मांस आणि डुकराची जीभ काढून ठेवलेली होती. तीन वाजता वाटेवरच्या क्रूसापाशी टोपल्या न्यायच्या, त्याआधी हे शिजायला हवं. शनिवारच्या विस्तवावर. आणि तसा विस्तव जवळपास एकाच चुलीत असणार. थेक्लाने मांस मोठ्या पातेल्यात घातलं, वर फडकं बांधलं, आणि कोट चढवला.

"कुठे?" रूपर्टने विचारलं.

"सेन्सीकडे."

"सेन्सीकडे? तू?"

प्रश्न बरोबर होता. दोघींचं भांडण असं नव्हतं, पण गेली पंचवीस वर्षं त्या कुंपणावरून एकमेकींना टोमणे मारूनच बोलत. सेन्सीचं धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर हा थेक्लाचा विषय, थेक्लाचं 'बटणाचं घर' हा सेन्सीचा. वीज गेली की सेन्सी वरून ओरडायची, "थेक्ला, तुझा देव गारठला का?" तिच्या दारात पातेलं घेऊन जायचं म्हणजे पंचवीस वर्षं जिंकलेलं सगळं एका सकाळी हरणं. थेक्ला मागच्या दाराने निघाली आणि सफरचंदाच्या झाडांमधून चढ चढू लागली. बर्फ वितळत होता आणि मधलं गवत ओलं झालं होतं.

सेन्सी दारातच होती. ऐंशीची, काठीसारखी ताठ.

"आलीस?" ती म्हणाली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "आत ये. विस्तव कुठाय?"

"विस्तव विझला. मांस आणलंय. तुझ्या चुलीवर..." थेक्लाने पातेलं पुढे केलं. "तुझ्या चुलीवर शिजत घालू दे."

"विझला? अगंबाई. त्याच्या हातून चोवीस वर्षांत एकदा नाही विझला."

"कुणाच्या?"

सेन्सीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या हातातलं पातेलं घेऊन चुलीवर ठेवलं, खुर्ची पुढे ओढली. "बस. तुला माहीत नाही म्हणजे. मला वाटलं, जाताना तरी सांगितलं असेल."

"काय सांगितलं असेल?"

"तुमच्या तळघराला मागचं दार आहे ना? तिथून यायचा तो. दर शनिवारी सकाळी. फावड्यावर तुमचा विस्तव. धापा टाकत यायचा, चुलीचं झाकण उघडायचा आणि आत ठेवायचा. 'थेक्लाच्या नावाने' म्हणायचा. आम्ही दोघं एकदा 'स्वर्गातील पित्या' म्हणायचो, की चालला. घोटभर चहा कधी घेतला नाही. म्हणायचा, खाली कॉफी ठेवून आलोय."

थेक्ला चुलीकडे बघत राहिली. लोखंडी झाकणाच्या फटीतून लाल उजेड हलत होता.

"आणि तू मला एका शब्दाने..."

"शपथ घातली होती. म्हणाला, सेन्सी, तिच्या घरातली चूल मी काढली. तिला वाटू देऊ नकोस की विस्तव बाहेर गेला."

"चोवीस वर्षं माझा नवरा चोरून तुझ्याकडे येत होता!"

"ये म्हणावं असाच चोर. जाताना माझा राखेचा डबाही रिकामा करून जायचा."

थेक्लाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मी नळाचं पाणी पवित्र समजून मुलांना अंघोळी घातल्या, सेन्सी. नुसतं खटक्याचं पाणी."

"मग काय झालं? तुमचा विस्तव कधी विझला नाही ना? माझ्या चुलीत जळत होता, तुझ्या नावाने. देवाला काय, घर नंबर बघून यावं लागतं?" सेन्सीने चुलीत एक फाटा सारला. "गेल्या वर्षी बिचारा मध्ये दोनदा बसला गं. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, रूपर्टला पाठव. तर म्हणे, मग तिला कळेल."

थेक्लाने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. पातेल्यातलं पाणी किणकिणू लागलं. चुलीच्या कडेला बसवलेल्या तांब्याच्या टाकीतून वाफ येत होती. जुन्या चुलींना असते तशी पाण्याची टाकी, बाजूने आगीची धग लागून तापणारी. थेक्लाची नजर तिच्यावर गेली.

"ते पाणी सकाळपासून तापतंय?"

"विस्तव आल्यापासून. का?"

"मला दे त्यातलं. दोन कॅन."

सेन्सीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "नातीला?"

"नातीला."

"मग घे की. टाकी काय माझ्या बापाची आहे? आहे म्हणा. पण घे."

थेक्लाने खाली फोन करून रूपर्टला दुधाचे दोन कॅन घेऊन वर बोलावलं. तो आला, आईचा चेहरा पाहिला आणि कॅन भरू लागला. चढ उतरताना थेक्लाने त्याला थोडक्यात सांगितलं. रूपर्ट वाटेत थांबला, दोन्ही कॅन खाली ठेवले आणि थोडा वेळ झाडांकडे बघत उभा राहिला.

"लवकर चल," थेक्ला म्हणाली. "पाणी निवेल."

घरात शिरल्यावर ती आधी तळघरात गेली. ह्युबर्ट टोपी मांडीवर ठेवून पायरीवर बसला होता. तिला बघून उठला.

"गोडल, मी उगाच बोललो."

"खरं ते बोललास. बाजूला हो."

तिने स्वतः लाल खटका वर केला. पंखा घुमला, ताटली खट्ट करून उलटली, कांड्या सळसळल्या. काचेमागे ज्योत उभी राहीपर्यंत ती तिथे थांबली. मग जळू दिली.

बाळाचा टब मार्लेनने स्वयंपाकघरात टेबलावर मांडला. थेक्लाने कॅनमधलं पाणी ओतलं, गार पाणी मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं, अजून थोडं गार घातलं. मार्लेन या खोऱ्यातली नव्हती, चर्चला वर्षातून एकदा जाणारी. पण तिने बाळाची दुलई सोडली आणि वेरेनाला सासूच्या हातात दिलं.

"तुम्हीच घाला, आई."

वेरेना आधी दचकली, मग तिने दोन्ही पाय झाडले आणि निम्मं पाणी ह्युबर्टच्या नव्या जाकिटावर उडवलं. थेक्ला हळूहळू तिच्या पाठीवर पाणी सोडत राहिली. ओठ हलत होते. कुणाला ऐकू आलं नाही.

दोनच्या सुमारास सेन्सी पातेलं घेऊन स्वतः खाली आली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती या स्वयंपाकघरात पाय ठेवत होती. भिंतीवरच्या गरम रेडिएटरला पाठ टेकवून उभी राहिली, आणि बराच वेळ तिथून हललीच नाही.

"मांस मऊ झालंय," ती म्हणाली. "मीठ कमी घालतेस तू. आणि हे उकडतं फार तुमच्या घरात."

"मग सरक तिथून."

"राहू दे. पाठ दुखत होती."

थेक्लाने टोपलीत मांस ठेवलं, जीभ ठेवली, किसलेला तिखट मुळा, गोड पाव, रंगवलेली अंडी, आणि वर भरतकामाचं पांढरं फडकं घातलं. आशीर्वादाची वेळ होत आली होती. दोघी कोट घालून बाहेर पडल्या.

"पुढच्या वर्षी," थेक्ला म्हणाली, "विस्तव मीच घेऊन येईन तुझ्याकडे."

"ये. पण पुढच्या दाराने ये बाई," सेन्सी म्हणाली आणि टोपलीची दुसरी कडी धरली.